फुगा आणि टोरीचं तेल

कोसंबी, ता. नागभीड
११ जानेवारी १९८६

डोमा,

आणि ही तिसरी फुटली! तिसरी. पहिली फुटली तवा म्हटलं, असन, एखादी निघते खराब. दुसरी फुटली तवा म्हटलं, थंडीनं झालं असन. आता ही आठव्या दिवशी फुटली, आता मी काय म्हणू? तूच सांग. तू त्या मुंबईच्या कारखान्यात बसून नळ्यांचे फुगे तपासते म्हणते, ते काय डोळे मिटून तपासते?

जयभीम लिहायचा राहून गेला. जयभीम.

परवा सकाळी मी चुलीपाशी होती. तुझ्या भाऊजीनं आवाज देला, "अवो, नळी बाहेर आली." जाऊन पाहते तं लघवीची नळी पूर्ण बाहेर, आत धरून ठेवणारा फुगा फाटलेला, नि लघवी बंद. बांबूच्या ट्रकवरून पडल्यापासून त्याईले कंबरेखाली काही समजत नाई, हे तुले ठाऊक आहे. पण दुपारपर्यंत पोट टम्म झालं, डोकं ठणकू लागलं, कपाळावर घामाच्या धारा. बैलाच्या खाचरात गवत टाकून नागभीडले नेलं. रस्त्यानं प्रत्येक खड्ड्याले मी तुझं नाव घेतलं, चांगल्या तोंडानं नाई घेतलं.

डॉक्टरनं दुसरी नळी घातली. फाटलेली माझ्या हातात देली नि म्हणते, "बाई, असं तुंबणं वारंवार होऊ लागलं तर मूत्रपिंडं जातील. पाय गेले तरी माणूस जगतो. मूत्रपिंडं गेल्यावर काय कराल?" मी ती नळी पदरात बांधली.

चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात होते तवा एक नळी महिना महिना टिकली. घरी आणल्यावर तूच लिहिलं, "बाई, आमच्या कारखान्याची नळी पाठवतो, भाऊजीले सोयीची." काय सोयीची? डॉक्टर म्हणते, कंपनीले तक्रार लिहितो, खोक्यावरचा नंबर टाकून. मी म्हटलं, थांबा, भाऊ आहे माझा तिथी, आधी त्याले विचारते.

तं विचारून राह्यली. खराब माल घरच्या माणसाले काऊन पाठवला?

सहा वर्षं झाले तू इकडे पाय नाई टाकला. आईच्या मयतीले आला तो शेवटचा, तोही पाहुण्यासारखा. आईच्या पायाले शेवटचं तेल लावायचं होतं, सगळे घरात, नि पोटचा पोरगा बाहेर निंबाखाली उभा, तोंडाले रुमाल लावून. ते मी इसरली नाई. इसरणारही नाई.

पंचफुला


मुलुंड, मुंबई
२१ जानेवारी १९८६

ती. बाईस सप्रेम जयभीम.

पत्र वाचून त्या दिवशी कामावर लक्ष लागलं नाही. भाऊजींना ताप नाही ना, लघवी लाल किंवा गढूळ होत नाही ना, ते आधी कळव.

रागावलीस ते खरं आहे. डॉक्टरांना तक्रार लिहायची असेल तर लिहू दे. मी स्वतः ती साहेबांच्या टेबलावर ठेवीन. पण बाई, डोळे मिटून तपासत नाही गं. आमच्याकडे रबराचा चीक पिंपांतून येतो, झाडाचाच चीक, पांढरा, घट्ट दुधासारखा. त्यात साचे बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे, मग भट्टीत घालायचे. भट्टीत त्या रबराच्या आतले धागे एकमेकांना गाठी मारून धरतात. म्हणून फुगा ताणला की फाटत नाही, सोडला की जागेवर येतो. प्रत्येक खेपेतले काही फुगे पाणी भरून, अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात आम्ही बुडवून ठेवतो. तुला पाठवलेल्या खोक्यातले पाच फुगे मी वेगळे ठेवले होते. तुझं पत्र आल्यावर जाऊन पाहिले. पंचेचाळीस दिवस झाले, पाचही शाबूत आहेत.

म्हणजे इथे टिकतात आणि तिथे फुटतात. मधे काहीतरी आहे. ते मला शोधलं पाहिजे, नाहीतर चौथी नळीही फुटेल.

फाटलेली नळी मला पाठव. धुऊ नकोस. जशी आहे तशी. आणि एक विचारतो, चिडू नकोस. नळी घालताना किंवा नंतर तिला तेल, व्हॅसलिन, तूप, असं काही लागतं का? रबराला तेल चालत नाही.

निंबाखाली का उभा होतो ते कधीतरी सांगीन. पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझा
डोमा


कोसंबी
३ फेब्रुवारी १९८६

डोमा,

ताप उतरला. लघवी आता बरी आहे. काल दोन भाकरी खाल्ल्या नि मले म्हणते, "तुझा भाऊ फुग्याचा डॉक्टर झाला काय?" म्हटलं, डॉक्टर नाई, फुगेवाला झाला.

फाटलेली नळी पाठवून राह्यली. धुऊ नको म्हणते, पण लघवीची वस्तू न धुता पोस्टात टाकू काय? पोस्टमास्तर काय म्हणन? साबणानं धुतली, वाळवली, फडक्यात गुंडाळली.

तेलाचं मले विचारू नको. नळीले तेल नाई लागत. तेल मी पायाले लावते. सकाळी एक घंटा, सांजेले एक घंटा, मांडीपासून तं तळव्यापर्यंत. हात धुते मग. आता तेलाचंही पाप झालं काय? तुमच्या मुंबईत पाय गेलेल्या माणसाले नुसतं पाहत बसतात काय?

डॉक्टर म्हणते पाय येणार नाई. डॉक्टरले काय ठाऊक? आईनं याच तेलानं तुले चालवलं. दोन वर्षाचा झाला तरी तू उभा नव्हता राहत, बसल्या बसल्या घसरत जाये. आईनं सगळा पावसाळा चोळला. पोळ्याच्या दिवशी तू उठला नि बैलाच्या मागं दोन पावलं गेला. मी पाहिलं, मी दहा वर्षाची होती.

नि ते तेल कसं निघे, तुले याद आहे? जेठात मोहाची टोरी वेचायची, बी फोडायची, वाळवायची, शेजारच्या सुकरीच्या मायच्या ढेकीत पायानं दाबून कुटायची. मग वाफ द्यायची नि दोरीच्या थैलीत भरून त्या दोन लाकडांच्या मधात दाबायची. वरचं लाकूड दाबायले वजन पाहिजे, तं सुकरीची माय तुलेच टोकावर बसवे. तू काडीसारखा! तेल एक थेंब उतरत नव्हतं, तं आई म्हणे, "डोम्या, घरी जाऊन भाकर खाऊन ये, मग बस." तू खरंच घरी जाऊन भाकर खाऊन आला. सगळ्या बाया हसता हसता लाकडावरून पडल्या.

सुकरी अजून त्याच लाकडात तेल काढते. वजनाले आता तिच्या दोन सुना बसतात.

तं तेलाले काही बोलू नको. तुझा चीक झाडाचा, आमचं तेल झाडाचं. झाडाचं झाडाले काऊन चालणार नाई? तुझ्या भट्टीतच काहीतरी चुकून राह्यलं असन.

पंचफुला


मुलुंड
१४ फेब्रुवारी १९८६

ती. बाईस जयभीम.

पार्सल मिळालं. मी ते तपासणीच्या खोलीत उघडलं. अजून सुतळी सुटली नव्हती तोच वास आला.

बाई, तू नळी साबणाने धुतलीस, पण गुंडाळलीस कशात? हात पुसायच्या फडक्यात. ते फडकं आईच्या हिरव्या लुगड्याचं आहे. मी ओळखलं. आणि ते तेलाने इतकं मुरलेलं आहे की पार्सलच्या कागदाला डाग पडले होते. माझ्या शेजारी काम करणारा म्हणाला, "मेश्राम, हा कसला वास?" मी फडकं घडी करून खिशात ठेवलं.

आधी नळीचं सांगतो. फडक्याचं तेल तिला वाटेत लागलं असेल, हे मी धरून चाललो. म्हणून फुग्याचा तुकडा कापून आतून पाहिला. रबर आतपर्यंत फुगलेलं आहे, मऊ झालंय, नखाने ओढलं तर तुटतं. चार दिवसांच्या प्रवासात इतकं होत नाही. फुगा पोटात असतानाच तेल त्याच्यात शिरत होतं. मी आपल्या शाबूत फुग्यांपैकी दोन खोबरेल तेल लावून पाहिले. एक पाचव्या दिवशी फुटला, दुसरा सातव्या.

झाडाचं झाडाला का चालत नाही, विचारलंस. ते नेमकं म्हणूनच चालत नाही. दोघं सारख्या जातीची. तेल रबराला परकं वाटत नाही, रबर त्याला आत घेतं. पाणी बाहेर राहतं, तेल आत जाऊन बसतं, धागे एकमेकांपासून लांब करतं. मग भट्टीत मारलेल्या गाठींवर सगळा ताण येतो. फुगा फुटतो तो वाईट म्हणून नाही.

नळी बदलायला कोण येतं? काय लावून घालतं? हे मला खरं कळलं पाहिजे. भाऊजींच्या जिवाचा प्रश्न आहे. तुझी चूक काढायची असती तर मी हे पत्र डॉक्टरांना लिहिलं असतं.

आणि आता निंबाखालचं.

चांद्याच्या वसतिगृहात मी गेलो तेव्हा आईने मोहाच्या तेलाची बाटली दिली होती. हिवाळ्यात पाय फुटतात म्हणून. मी पहिल्या दिवशी लावलं. खोलीतल्या पोरांनी नाकं धरली. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव टोऱ्या. जेवायच्या रांगेत टोऱ्या, फळ्यावर टोऱ्या. मी ती बाटली मोरीत ओतली. तळाशी गोठलेलं होतं ते काडीने खरवडून काढलं, तेही फेकलं. दिवाळीला घरी आलो तर आईने विचारलं, "तेल पुरलं काय बाबू?" मी म्हणालो, पुरलं. तिने दुसरी भरून दिली. तीही मी ओतली. अशा सहा वर्षांत किती, मी मोजल्या नाहीत. माझे पाय फुटून रक्त येत होतं आणि आई दरवर्षी विचारायची आणि मी दरवर्षी पुरलं म्हणायचो.

ती गेली त्या दिवशी तुम्ही तिच्या पायांना तेच तेल लावत होतात. मी कोणत्या हाताने लावणार होतो? रुमाल वासासाठी नव्हता, बाई.

सोबत जेलीच्या चार ट्यूबा पाठवतो. ही पाण्यात विरघळणारी आहे, तेल नाही. नळी घालताना हीच. दोन नव्या नळ्याही आहेत, वेगळ्या डब्यात.

आणखी एक. आमच्याकडे आता सिलिकोन नावाच्या मालाची नळी तयार होते आहे. रबरासारखी ताणते, पण तेलाला इतकं आत घेत नाही. मुंबईच्या एका दवाखान्यात चार महिने वापरून झाली. खोबरेलात ठेवून पाहिली, टिकली. मोहाच्या तेलात कोणी ठेवून पाहिलेली नाही, इथे मोहाचं तेल आणणार कोण? एक बाटली पाठव. मी त्यात फुगे बुडवून बघीन. टिकले तर तू पायांना हवं तेवढं तेल लाव.

उत्तराची वाट बघतो.
डोमा


मुलुंड
८ मार्च १९८६

ती. बाईस जयभीम.

तीन आठवडे झाले, तुझं अक्षर नाही. तू रागावून गप्प बसणारी नाहीस, तू रागावलीस की दोन पानं येतात. म्हणून भीती वाटते. भाऊजी कसे आहेत? नळी फुटली का? काहीही झालं असलं तरी लिही. जमत नसेल तर पोस्टमास्तरांकडून एक ओळ लिहून घे. तेलाचं जाऊ दे.

डोमा


कोसंबी
२४ मार्च १९८६

डोमा,

गप्प नव्हती. मोजत होती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडून चुलीत घालणार होती. "फडक्यात गुंडाळलीस" वाचलं नि डोक्यात जाळ झाला. मग पुढचं वाचलं, तं चुलीजवळून उठून आंगणात जाऊन बसली. तुझे भाऊजी आतून विचारून राह्यले, काय लिहिलं, काय लिहिलं. म्हटलं, फुग्याचं लिहिलं.

तं आता ऐक, एकदाच सांगते, पुन्हा विचारायचं नाई. नळी बदलायले उपकेंद्राची नर्सबाई येते. तिची जेली दिवाळीलेच सरली होती. ती म्हणे कोरडी कशी घालू, तं मीच वाटी पुढं केली. मीच म्हटलं, हे घ्या, आमचं घरचं तेल आहे, लेकराच्या अंगाले चालते तं नळीले काऊन नाई. तिन्ही खेपेले. नि नळी जिथून आत जाते तिथी कातडी लाल होये, तं मी रोज सकाळी तिथीही बोट लावे. तुले लिहिलं ते खोटं होतं. मीच फोडल्या तुझ्या तिन्ही नळ्या. त्याईले खाचरात घालून मीच नेलं नि शिव्या तुले देल्या.

झालं? लिहिलं मी.

मग मनात आलं, डोमा त्याच्या खोलीत तपासते तं मी काऊन नाई तपासू? एकोणीस फेब्रुवारीले डॉक्टरची नळी पाझरू लागली, तं ती काढून नर्सबाईनं तुझी नवी नळी तुझ्या जेलीनं घातली. त्या दिवशी तेलाचं गाडगं मी सुकरीच्या घरी नेऊन ठेवलं. घरात राहिलं तं हात जाणार, मले माझा हात ठाऊक आहे. सुकरी म्हणे, "नवऱ्याशी भांडली काय?" म्हटलं, भावाशी.

दाराच्या मागं भिंतीवर चुन्याचं रोज एक बोट उमटवलं. आठ झाले, नळी बरी. दहा झाले. पंधराव्या दिवसापासून मी रोज तीनदा पांघरूण उचलून पाहू लागली तं हे म्हणते, "आता तूच फुटशील." तीस बोटं झाले. एकवीस तारखेले नागभीडच्या डॉक्टरनं स्वतः काढली. फुग्यातलं पाणी सुईनं ओढलं, जेवढं भरलं तेवढं निघालं. नळी उजेडात धरून पाहिली नि म्हणते, "बाई, ही तर छान आहे. कंपनीने माल सुधारला वाटतं."

मी तिथंच सांगितलं. म्हटलं, माल तोच आहे साहेब, मी तेल लावत होती. सगळ्या बाया बसल्या होत्या लाइनीत, सगळ्याईच्या समोर सांगितलं. त्याईनं तक्रारीचा कागद लिहून ठेवला होता, तो माझ्यासमोर फाडला. तं तुझ्या साहेबाच्या टेबलावर काही ठेवायचं नाई आता.

त्याच दिवशी दुसरी नळी घातली. अठरा एप्रिलले बदलायची आहे.

पण डोमा, तुझं बरोबर निघालं म्हणून सगळं बरं झालं असं समजू नको. महिनाभर मी पाय कोरडे चोळले. कातडी सागाच्या सालीसारखी झाली. टाचांले भेगा. कोरडं चोळते तं माझ्याच हाताले खोटं वाटते. तेल बंद केल्याचं मी त्याईले सांगितलं नाई. मग पंचवीस बोटं झाले त्या दिवशी हे म्हणते, "तेल बंद केलं काय?" मी म्हटलं, तुमाले कसं समजलं, तुमाले पायाचं तं काही समजत नाई. तं म्हणते, "पायाचं नाई समजत. पण तू तेल घेऊन बसली की वास येये. मग मले ठाऊक होये की तू पायाजवळ आहे. आता तू कधी येते, कधी उठून जाते, मले पत्ता नाई लागत."

वर्षभर मले वाटे मी पाय उठवायले चोळून राह्यली. डॉक्टर म्हणे येणार नाई तं मी डॉक्टरवर चिडे. पाय येणार नाई, डोमा. मलेही ठाऊक आहे. तरी तेल पाहिजे. आता समजलं काऊन पाहिजे ते?

म्हणून ती सिलिकोनची नळी मले पाहिजे.

तेलाची बाटली मी पोस्टानं पाठवणार नाई. एक तं फुटन, नि पोस्टमास्तरच्या थैलीतल्या सगळ्या चिठ्ठ्या टोऱ्या होऊन जाईन. दुसरं, आईनं भरून देलेल्या बाटल्या तू ओतल्या. मी तुले शिव्या देणार होती, पण सापडल्या नाई. आईले ठाऊक होतं, बाबू. तू दिवाळीले आला की ती तू झोपल्यावर तुझ्या टाचा पाहे. मले म्हणे, "पोराचे पाय फुटले, लावत नाई वाटते." मी म्हटलं, मग काऊन देते? तं म्हणे, "एखाद्या वर्षी लावन." म्हणून ती दरवर्षी भरे.

तं बाटली न्यायले तू स्वतः ये. तुझ्या त्या नळ्या घेऊन ये, बुडवून पाहायचे फुगेही घेऊन ये. सुकरीच्या घरी गाडगं भरून आहे, तिथंच बुडव, पाहिजे तेवढे दिवस बस नि पाह्य. कोमट पाहिजे असन तं चुलीजवळ ठेवू. खोली नाई, तपासणीचं टेबल नाई, पण भिंतीवर चुना आहे मोजायले. आता मोह पडून राह्यला, सकाळी सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली असते. तुले वासाची लाज वाटली तरी लपायले जागा नाई, सगळ्या गावालेच वास येते.

चौदा तारखेले जयंती आहे. त्याच्या आधी ये. अठराले नळी बदलायची आहे, तवा तू इथी पाहिजे, नि नळी माझ्यासमोर तुझ्या हातानं डब्यातून निघाली पाहिजे. टिकन का नाई, ते माझ्या डोळ्यानं पाहू दे.

सुटी मिळते का नाई, गाडी कोणती, नागभीडले खाचर कोणत्या दिवशी पाठवू, सगळं लिही. "बघतो", "जमलं तर", असं लिहू नको, मी वाचणार नाई. पाच एप्रिल, शनिवार. शनिवारच्या टपालात तुझं उत्तर आलं पाहिजे.

पंचफुला